शिष्यवृत्ती कशाची, पायांची मजुरी!

या उन्हाळ्यात मौद्याला आमच्या वस्तीच्या तोंडावर फ्लेक्स लागला. वर बुद्ध आणि बाबासाहेब. खाली नऊ पुढाऱ्यांची गॉगल लावलेली थोबाडं. आणि मधे उरलेल्या वीतभर जागेत धावणारी माझी भाची. ‘विभागीय शालेय स्पर्धेत २०० मीटर धावण्यात प्रथम आल्याबद्दल व नागपूरच्या नामांकित महाविद्यालयाची क्रीडा शिष्यवृत्ती मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ डीजे वाजला, पेढे वाटले. मीही छापखान्यातून सुटी टाकून गेलो. पेढा खाल्ला. पोट्टीला छातीशी धरलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

रात्री माणसं पांगल्यावर बहिणीनं पेटीतून एक कागद काढला. म्हणाली, “भाऊ, तू वाच बरं एक डाव. सोमवारी सही करून द्याचा आहे.”

कागद स्टॅम्पपेपरवर. अटी चार. एक : विद्यार्थिनी दर वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिल्या तिनांत आली पाहिजे. दोन : दुखापतीमुळे किंवा कोणत्याही कारणानं खेळ थांबला तर माफ केलेली सगळी फी परत भरावी लागेल. तीन : मूळ दाखले पदवी होईपर्यंत महाविद्यालयाकडे राहतील. चार : विद्यार्थिनी दुसऱ्या कोणत्याही शिष्यवृत्तीचा अर्ज करणार नाही. खाली विद्यार्थिनीची सही. पालकाची सही किंवा डाव्या हाताचा अंगठा.

वाचता वाचता माझी डावी मांडी ठणकायला लागली. कारण हा कागद मी ओळखतो. १९९८ साली असल्याच कागदावर माझ्या मायनं अंगठा दिला होता. कॉलेज दुसरं होतं. कागद हाच.

दोस्तांनो, हा लेख त्या कागदाविरुद्ध आहे. धावण्याविरुद्ध नाही. धावण्यासारखी सुंदर गोष्ट मी आयुष्यात दुसरी केली नाही.

* * *

आमच्या घरी जमिनीचा तुकडा नाही. बाप मी सहावीत असताना गेला. माय दुसऱ्याच्या धानाच्या बांध्यांत रोवण्याला जायची, आणि मी तिची शिदोरी घेऊन धुऱ्यावरून पळायचो. धुरा वीतभर रुंद. पाय इकडे पडला तर चिखल, तिकडे पडला तर मालकाची आयमायवरून शिवी. म्हणून पाय सरळ रेषेत टाकायला शिकलो. पुढं कन्हानच्या रेतीत पळालो. रेती पाय धरून ठेवते, तो उपटून काढता काढता मांडी घडते. हे मला कोणा कोचनं सांगितलं नाही. कोच नव्हताच. शाळेत पी.टी.चे सर होते, भला माणूस. मुरमाच्या मैदानावर चुन्याच्या लाइनी ते स्वतः मारायचे. त्यांनीच मला तालुक्याला नेलं, मग जिल्ह्याला.

जिल्ह्याला मी १०० मीटर ११.३ सेकंदांत मारली. अनवाणी, मुरमावर, सकाळी तांदळाची पेज पिऊन. वेळ हातातल्या घड्याळावरची. माणसाचं बोट बंदुकीच्या आवाजानंतर हलतं, म्हणून हाताच्या वेळेची इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना त्यात ०.२४ सेकंद मिळवतात. म्हणजे माझे ११.५४ धरा. तरी वाईट नाही. विभाग मारला. राज्याला पुण्याला बालेवाडीत गेलो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं ते मैदान. सिंथेटिक ट्रॅक जन्मात पहिल्यांदा पाहिला. बाकीची पोरं पिशव्यांतून स्पाइक्स काढत होती. मी अनवाणी पळालो. त्या रबरानं तळपायाची साल काढली. फायनलला सहावा आलो.

तरी गावात कॉलेजचा माणूस आला. खेळाचा प्रमुख. मोटारसायकलवरून थेट आमच्या दारात. आमच्या दारात तोवर पोलीस पाटील आणि उधारीवाला, एवढेच लोक आले होते. हा माणूस बाजेवर बसला. चहा प्याला. होय, प्याला! माय त्या कपाकडे पाहत राहिली. विनाअनुदानित कोर्स, वर्षाची बारा हजार फी, सगळी माफ. होस्टेलवर खाट. बूट, ट्रॅकसूट. मी विचारलं, “सर, भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म?” तो हसला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “अरे, तुला त्या कॅटेगरी-बिटेगरीची काय गरज? तू खेळाडू आहेस. तू तसा वाटतही नाहीस.”

तू तसा वाटत नाहीस.

दोस्तांनो, मला शरम वाटायला हवी होती. मला गुदगुल्या झाल्या. साला, सतरा वर्षांत मला कोणी इतकं गोड बोललं नव्हतं. शाळेत शिष्यवृत्तीच्या दिवशी ‘बीसीवाल्यांनो उभे राहा’ म्हटलं की आम्ही उभे राहायचो आणि बाकीचा वर्ग मागं वळून पाहायचा. ते उभं राहणं आता संपलं, असं मला वाटलं. मी माझ्या पायांवर चाललो होतो! मायनं मात्र अंगठ्याला शाई लावण्याआधी एकच विचारलं, “पाय तुटला तं काय होईन, गुरुजी?” तो मोठ्यानं हसला. मीही हसलो. न शिकलेल्या बाईनं त्या कागदावरचा एकमेव खरा प्रश्न विचारला होता, आणि शिकलेला पोरगा तिला हसला. या लेखात मला स्वतःला जी शिवी द्यायची आहे ती इथं देतो. तुम्ही मनातल्या मनात वाचा.

दुसऱ्या वर्षी मांडी भरली. हॅमस्ट्रिंग म्हणतात तो मागचा स्नायू. पाय पुढं फेकून जमिनीला लागायच्या आत तो सगळ्यात जास्त ताणला जातो, आणि फाटतो तोही तिथंच. सहा-आठ आठवडे आराम दिला तर जुळून येतो. मला बारा दिवस मिळाले. आंतरमहाविद्यालयीन रिलेत कॉलेजला ढाल पाहिजे होती. मांडीला पट्टी बांधली, थंड फवारा मारला आणि तिसऱ्या लेगला उभं केलं. वळणावर मागून कोणी गोटा मारला असं वाटलं. मी बॅटन दिला आणि पडलो. ढाल आली. ती प्राचार्यांच्या कपाटात गेली. मी खाटेवर.

तिसऱ्या वर्षी चिठ्ठी आली : खेळ बंद, म्हणून दोन वर्षांचे चोवीस हजार भरा. सरकारी फॉर्मच्या तारखा निघून गेलेल्या. मायला तेव्हा रोवण्याचे दिवसाला तीस रुपये मिळायचे. चोवीस हजार म्हणजे आठशे दिवस. रोवणा चालतो महिनाभर. म्हणजे सव्वीस वर्षं तिनं चिखलात वाकायचं, तेव्हा माझे दाखले सुटणार! मी होस्टेलची खाट सोडली आणि छापखान्यात लागलो. दाखले सोडवायला चार वर्षं लागली. बी.ए. पुढं मुक्त विद्यापीठातून केलं. आज मी दुसऱ्यांच्या अभिनंदनाचे फ्लेक्स छापतो.

* * *

आता तुम्ही, नागपूर-मुंबई-पुण्याची शिकलेली पोरं, म्हणाल : तुमचं दुःख मान्य, पण मैदान तरी बरं. स्टॉपवॉचला जात नसते. पहिला आला तो पहिला. तिथं वशिला नाही, तोंडी परीक्षा नाही, आडनाव विचारणारा मास्तर नाही.

हे मीही म्हणायचो. अर्धं खरं आहे. स्टॉपवॉचला जात नसते. पण स्टॉपवॉच सुरू होतं बंदूक वाजल्यावर. शर्यत त्याच्या अठरा वर्षं आधी सुरू झालेली असते. महाराष्ट्र सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत पोरं निवडतात तेव्हा काय मोजतात? उंची मोजतात. वजन मोजतात. उभ्या जागेवरून उडी मोजतात, ३० मीटर धाव मोजतात. उंची कशानं वाढते? दुधानं, डाळीनं, अंड्यानं, आईच्या पोटात असताना आईनं काय खाल्लं त्यानं. म्हणजे मोजपट्टी लावतात पोराला, आणि माप निघतं त्याच्या आज्याच्या भाकरीचं. मग निकाल लागतो : नैपुण्य नाही. ज्याला पोटभर मिळालं त्याच्या पोराला नैपुण्य असतं!

स्टार्ट कसा घेतात ते कधी पाहिलं आहे का? गुडघा टेकायचा, दोन्ही हात रेषेमागं. अंगठा एकीकडे, बोटं दुसरीकडे, मधे कमान. ‘सेट’ म्हटलं की कंबर वर जाते आणि अंगाचा भार त्या बोटांवर आणि अंगठ्यावर येतो. अंगठा नसेल तर धनुष्य तर सोडाच, शंभर मीटरची स्टार्टसुद्धा नीट घेता येत नाही. आणि या देशात सगळ्यात मोठ्या कोचला जे पारितोषिक देतात, १९८५ पासून, त्याचं नाव काय? द्रोणाचार्य! पोराचा अंगठा मागून घेणाऱ्या मास्तराच्या नावानं कोचचा सत्कार! खेळाडूला अर्जुन, कोचला द्रोण. एकलव्य कुठं आहे? तो स्टॅम्पपेपरवर आहे. पालकाची सही किंवा डाव्या हाताचा अंगठा.

* * *

हे आपल्याकडंच चालतं असं समजू नका. शाळेत वेगानं पळणाऱ्या पोराला कॉलेजनं फी माफ करून उचलायचं, ही पद्धत सगळ्यात मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत वाढली. तिथं गरीब काळ्या पोरासाठी ती कॉलेजात शिरायची वाट. ती वाट कशी आहे पाहा.

जेसी ओवेन्स. शाळेतच देशाला माहीत झालेला स्प्रिंटर. ओहायो स्टेट विद्यापीठात गेला, तेव्हा त्याला शिष्यवृत्ती मिळाली नाही. सरकारी इमारतीत मालाची लिफ्ट चालवून त्यानं पोट भरलं. विद्यापीठाच्या वसतिगृहात काळ्यांना जागा नव्हती, म्हणून बाहेर राहिला. संघाबरोबर दौऱ्यावर गेला तर गोऱ्यांच्या हॉटेलात जेवण नाही. त्या माणसानं २५ मे १९३५ रोजी अ‍ॅन आर्बरला पाऊण तासात तीन जागतिक विक्रम मोडले आणि चौथ्याशी बरोबरी केली. १९३६ ला बर्लिनमध्ये हिटलरच्या नाकासमोर चार सुवर्णपदकं. घरी परत आला तर राष्ट्राध्यक्षांकडून साधं बोलावणं नाही. पोटासाठी घोड्यांशी शर्यती लावल्या. ऑलिम्पिक विजेता माणूस, घोड्याशी!

पुढं १९५६ ला अमेरिकन कॉलेजांच्या खेळसंघटनेनं, एनसीएएनं, खेळाच्या शिष्यवृत्त्या उघडपणे मान्य केल्या. त्याच सुमारास कोलोरॅडोत एक पोरगा कॉलेजच्या फुटबॉल सामन्यात डोक्याला मार लागून मेला होता. १९५५ ची गोष्ट. त्याच्या बायकोनं कामगार म्हणून भरपाई मागितली. कोर्टानं १९५७ ला नाकारली : तो कामगार नव्हताच! संघटनेनं खेळाडूंसाठी एक गोंडस शब्द घडवला, ‘विद्यार्थी-खेळाडू’. का? म्हणजे कोणी त्यांना मजूर म्हणणार नाही, आणि हातपाय तुटले तर भरपाई मागणार नाही. हे त्या संघटनेच्याच मुख्य कारभाऱ्यानं, वॉल्टर बायर्सनं, म्हातारपणी स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलं. १९७३ ला त्यांनी शिष्यवृत्ती एकेका वर्षाची केली : या वर्षी पळ, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी पाहू. तिथल्या पोरांनी कोर्टकचेऱ्या केल्या. २०२१ ला तिथलं सर्वोच्च न्यायालय खेळाडूंच्या बाजूनं बोललं, आणि २०२५ च्या जूनमध्ये एका खटल्यातली तडजोड मंजूर होऊन कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याचा रस्ता उघडला. शब्दाचा पडदा फाटायला जवळपास सत्तर वर्षं लागली.

आणि टॉमी स्मिथ! शेतमजुराचा पोरगा, बारा भावंडांतला. धावण्यावर शिष्यवृत्ती मिळवून सॅन होजे स्टेटला गेला. १६ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको. २०० मीटर १९.८३ सेकंदांत, जागतिक विक्रम. तो आणि तिसरा आलेला जॉन कार्लोस पदकाच्या ओट्यावर चढले ते बूट काढून, नुसत्या काळ्या मोज्यांवर. काळ्यांच्या गरिबीची ती खूण. काळा हातमोजा घातलेली मूठ वर. दोघांना स्पर्धेतून घालवून दिलं. आपण त्या मुठीचे फोटो खोल्यांत लावतो. पण एक गोष्ट विसरतो : ती मूठ शिष्यवृत्तीवाल्या पोराची होती. फी कॉलेजनं भरली, मूठ त्यानं विकली नाही. शिकायचं असेल तर हे शिका.

आता आपलं घर पाहा. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यातली शांती सौंदराजन. दलित, वीटभट्टीच्या मजुरांची पोरगी. पळते म्हणून शाळेनं तिची फी भरली, दुपारचं गरम जेवण दिलं, आणि तेव्हा कुठं तिला आयुष्यात पहिल्यांदा दिवसाला तीन वेळा जेवायला मिळालं. मग कॉलेजची शिष्यवृत्ती. २००६ ला दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरला रौप्यपदक. त्यानंतर तिची लिंगचाचणी केली, पदक काढून घेतलं, आणि तिची अब्रू देशभर वर्तमानपत्रांत टांगली. काही वर्षांनी ती पुन्हा वीटभट्टीवर दिसली. पुढं बऱ्याच झगड्यानंतर कोचची सरकारी नोकरी मिळाली. पदक मिळालं नाही. पोरगी जिंकत होती तेव्हा ‘देशाची कन्या’. प्रश्न उभा राहिला तेव्हा ती परत आपली. २०२१ ला ऑलिम्पिकमध्ये महिला हॉकीचा उपांत्य सामना हरला, तेव्हा हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडून जातीवरून शिव्या दिल्या. जिंकलेलं पदक देशाचं असतं. हरलेला सामना महारवाड्याचा, चांभारवाड्याचा असतो.

आणि आपल्या पालवणकर बाळूला विसरू नका. चांभाराचा पोर, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा गोलंदाज. हिंदूंच्या संघाला त्याची बोटं चालायची. कप्तानपद मात्र त्याला दिलं नाही. आणि १९३७ च्या निवडणुकीत त्यालाच काँग्रेसनं कोणासमोर उभं केलं? बाबासाहेबांसमोर! बाबासाहेब जिंकले. पण धडा लिहून ठेवा : ज्याच्या हातात तुझ्या बुटाची नाडी असते, तो एक दिवस तुझं नाव तुझ्याच माणसांवर फेकतो.

* * *

कोणी म्हणेल, करार तर बाबासाहेबांनीही केला होता. केला होता. १९१३ ला बडोदा सरकारशी. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, बदल्यात दहा वर्षं बडोद्याची चाकरी. १९१७ ला ते चाकरीवर रुजू व्हायला गेले, तर एवढ्या मोठ्या बडोद्यात त्यांना खोली मिळाली नाही. पारशांच्या सरायीत नाव लपवून राहिले, आणि काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढलं. कोलंबियाची विद्या डोक्यात, आणि डोकं टेकायला छप्पर नाही! पण फरक लक्षात घ्या. बडोद्याचे पौंड डोक्यात गेले होते. डोक्यातलं कोणी परत मागून घेऊ शकत नाही. पायावर मिळालेली शिष्यवृत्ती एका स्नायूवर टांगलेली असते. स्नायू फाटला की शिष्यवृत्ती फाटली.

म्हणून शब्द नीट वापरू. अनुसूचित जातीच्या पोरांना मॅट्रिकनंतर मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. ती हक्क आहे. उत्पन्नाची अट आहे, ती पुरी केली की ती तुझी. तू पहिला आलास की सातवा, ती विचारत नाही. कॉलेजची ‘क्रीडा शिष्यवृत्ती’ ही मजुरी आहे. तू पळतेस, कॉलेजला ढाल मिळते, माहितीपत्रकावर फोटो मिळतो, नॅकच्या मूल्यांकनात खेळातल्या पदकांचा रकाना भरतो. म्हणजे तू माल तयार करतेस. मग मजुराला जे लागतं ते मागायला हवं : ठरलेली मजुरी, दुखापतीची जबाबदारी, लेखी हमी. आणि मजुरी घेतली म्हणून हक्क सोडायचा नसतो! कारखान्यात लागला म्हणून कोणी मतदानाचं कार्ड मालकाला देतो का?

चौथी अट म्हणजे हीच चोरी. ‘दुसरा अर्ज करणार नाही.’ तुझा हक्क काढून घेतात आणि त्या जागी मेहेरबानी ठेवतात. वर म्हणतात, तू तसा वाटत नाहीस.

आणि मेरिटवाल्यांची गंमत ऐका. आमच्या आरक्षणाचं नाव काढलं की यांचा गळा दाटतो. पण सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण २००५ पासून आहे, आणि त्यात बोगस प्रमाणपत्रं लावून नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात बाहेर आली, तेव्हा मेरिटच्या नावानं एक मोर्चा निघाला का? ज्यांनी कधी मैदानाची धूळ नाकात घेतली नाही ते खेळाडू ठरले. मैदानावर साल निघालेली पोरं पोलीस भरतीच्या रांगेत उभी आहेत.

* * *

आता थोडं आपल्या माणसांबद्दल. प्रस्थापितांना शिव्या देऊन लेख संपवणं सोपं आहे, टाळ्याही पडतात.

आपण मैदान सोडून दिलं आहे. आपण कविता केल्या, मोर्चे काढले, होस्टेलं लढवली. पण पहाटे पाचला वस्तीतली पोरगी पळायला जाते तेव्हा तिच्याबरोबर कोण असतं? रस्त्यावरची कुत्री. आपण तिच्याकडे कधी येतो? ती जिंकल्यावर, फ्लेक्स घेऊन. मी छापखान्यातला माणूस आहे, मला फ्लेक्सचे भाव विचारा. त्या एका फ्लेक्सच्या पैशात तिच्या अंड्यांचा महिना निघाला असता. १४ एप्रिलच्या एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात वस्तीतल्या सगळ्या धावणाऱ्या पोरांना स्पाइक्स आले असते. बाबासाहेबांची जयंती आणि पोरं अनवाणी! याला काय म्हणायचं?

माझं म्हणणं सरळ आहे. शिष्यवृत्ती घ्या. लाथ मारून या असं मी सांगणार नाही, लाथ मारायला पोट भरलेलं लागतं. पण आधी सरकारी फॉर्म भरा, महाडीबीटीवर, पहिल्याच आठवड्यात, मग कॉलेजशी बोला. शहरात राहायला सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. नागपूरसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले, ते मागा. मूळ दाखले कोणाकडं ठेवू नका. ते अडकवून ठेवायला यूजीसीनं २०१८ मध्येच मनाई केली आहे. दुखापत झाली तर उपचार कॉलेजचा आणि फी-माफी पदवीपर्यंत, हे लेखी घ्या. कागद एकट्यानं वाचू नका, चार जणांत वाचा. आणि पोटापेक्षा पाय मोठे समजू नका : पहिला आला तरी पदवी घ्या, शेवटचा आला तरी पदवी घ्या.

संघटनेच्या दोस्तांना सांगतो : प्रत्येक शाखेत एक स्टॉपवॉच असू द्या, आणि असा कागद वाचता येणारा एक माणूस.

* * *

सोमवारी आम्ही तिघं कॉलेजात गेलो. बहीण, भाची आणि मी. मी दोन, तीन आणि चार नंबरच्या अटींवर निळ्या पेनानं काट मारली होती. खेळाच्या प्रमुखानं कागद पाहिला, मला पाहिलं. म्हणाला, “अहो, आम्ही मुलीच्या भल्यासाठी करतो आहोत. नको असेल तर दुसऱ्या मुली आहेत आमच्याकडं.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पोट्टीच बोलली. हळूच, खाली पाहत. “सर, त्याईले २०० मीटर किती लागते?”

तो गप्प. मग म्हणाला, वरिष्ठांशी बोलतो, कळवतो.

हा लेख छापायला जाईपर्यंत काही कळवलेलं नाही. बहीण रात्री झोपत नाही. मला विचारते, “भाऊ, तुह्या रागापायी पोरीचं नुकसान तं नाही न होणार?” मी तिला छातीठोक उत्तर देऊ शकत नाही. नुकसान होऊ शकतं. सही न करण्याचीही किंमत असते, आणि ती कधीच फ्लेक्सवर नऊ थोबाडं लावणारे भरत नाहीत, घरचेच भरतात. मला माहीत आहे ते एवढंच, की सही करण्याची किंमत मी भरून पाहिली आहे.

सरकारी फॉर्म भरला आहे. दाखले आमच्या पेटीत आहेत. पोट्टी रोज पहाटे कन्हानच्या रेतीत पळते आहे. कालपासून वस्तीतली दोन पोरं तिच्याबरोबर जायला लागली आहेत.

जयभीम.